स्पॅनिश साहित्य अनुवादातून वाचताना

स्पॅनिश साहित्य हे एका देशाचे साहित्य नाही. स्पेन, लॅटिन अमेरिकेतले अठरा देश आणि आफ्रिकेतला इक्वेटोरियल गिनी अशा वीस देशांची स्पॅनिश ही राजभाषा आहे आणि सुमारे 50 कोटी लोकांची मातृभाषा. मेक्सिकोच्या कोरड्या खेड्यातले बोलणे, ब्युनोस आयरेसच्या कॅफेतले बोलणे आणि माद्रिदच्या कचेरीतले बोलणे एकाच भाषेतले असले, तरी शब्द, शिव्या, लाडाची हाक आणि आदराची रीत जागोजागी बदलते. उलट लॅटिन अमेरिकेतले सगळेच काही स्पॅनिश नसते. ब्राझीलची भाषा पोर्तुगीज आहे, त्यामुळे माशादो दे आसिस किंवा क्लारिस लिस्पेक्तर यांना स्पॅनिश लेखकांच्या पंगतीला बसवणे चूक ठरते. खुद्द स्पेनमध्येही कॅटलान, गॅलिशियन आणि बास्क या स्वतंत्र भाषांत लिहिले जाते. मेर्से रुदुरेदाची 1962 सालची गाजलेली कादंबरी 'ला प्लासा देल दियामान्त' कॅटलानमधली आहे. बेर्नार्दो अत्शागाने 'ओबाबाकोआक' 1988 मध्ये बास्कमध्ये लिहिले, मग स्वतःच स्पॅनिशमध्ये नेले आणि मार्गारेट जुल कोस्टा यांनी त्या स्पॅनिशवरून ते इंग्रजीत आणले. इंग्रजी पुस्तक हाती घेणारा वाचक मूळ लेखनापासून दोन मुक्काम दूर असतो.

मराठी वाचकाची स्थिती बहुतेक वेळा अशीच असते. बोर्खेस, नेरुदा, गार्सिया मार्केस ही नावे महाराष्ट्रात परकी राहिलेली नाहीत, पण त्यांचे लेखन इथे पोचले ते प्रामुख्याने इंग्रजीतून. कोणी इंग्रजी अनुवाद वाचतो, कोणी त्या अनुवादावरून केलेला मराठी अनुवाद. यात कमीपणा काही नाही. जगातले बहुतेक साहित्य बहुतेक लोक असेच वाचतात. गोष्ट बिघडते ती पुस्तकाविषयी लिहिताना. परीक्षणात लेखकाच्या 'तरल शैली'चे, 'नेमक्या शब्दकळे'चे कौतुक होते आणि ती शैली ज्याने वाक्यावाक्यात घडवली त्या अनुवादकाचे नाव फक्त पुस्तकाच्या तपशिलात, किमतीच्या शेजारी येते. जो शब्द लेखकाने लिहिलाच नाही त्याचे श्रेय लेखकाला मिळते आणि जो दोष अनुवादकाचा आहे त्याचा ठपकाही लेखकावर बसतो. अनुवादित पुस्तकाचे प्रामाणिक परीक्षण दोन लेखकांचे परीक्षण असते. स्पॅनिश साहित्याच्या इतिहासात याचे पुरावे ठायीठायी सापडतात.

स्पॅनिश गद्याच्या अगदी आरंभी एक अनुवाद उभा आहे, आणि त्याची मुळे भारतात आहेत. पंचतंत्रातल्या गोष्टी सहाव्या शतकात इराणात पहलवी भाषेत गेल्या, आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फा याने त्यांना अरबी रूप दिले आणि करटक-दमनक या कोल्ह्यांच्या नावावरून त्या ग्रंथाला 'कलीला व दिमना' असे नाव पडले. हाच अरबी ग्रंथ 1251 मध्ये पुढे राजा झालेल्या आल्फोन्सोच्या आश्रयाने कॅस्टिलियनमध्ये, म्हणजे आजच्या स्पॅनिशच्या जुन्या रूपात उतरवला गेला. कथात्म गद्य लिहिण्याइतकी ती भाषा अजून रुळलेली नव्हती. अनुवाद करता करता ती रुळली. मराठीतही एकोणिसाव्या शतकात असेच काही घडले. कृष्णशास्त्री चिपळूणकरांच्या 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' इंग्रजीवरून आल्या आणि मराठी कथनगद्याला त्यांनी बळ दिले.

स्पॅनिशमधल्या सर्वांत मोठ्या कादंबरीने तर अनुवादालाच कथेत पात्र करून घेतले. मिगेल दे सर्व्हांटिसच्या 'डॉन किहोते'चा पहिला भाग 1605 मध्ये आला. त्याच्या आठव्या प्रकरणाच्या शेवटी किहोते आणि एक बास्क माणूस तलवारी उगारून समोरासमोर उभे आहेत आणि तिथेच निवेदक सांगतो की पुढची हकिकत आपल्याला मिळाली नाही. नवव्या प्रकरणात तो तोलेदोच्या बाजारात हिंडत असतो. एक पोरगा जुनी कागदपत्रे विकायला आलेला असतो. निवेदकाला रस्त्यात पडलेले कागदाचे कपटेही वाचायची सवय, म्हणून तो एक वही हातात घेतो, तर अक्षरे अरबी. अरबी वाचणारा एक मोरिस्को, म्हणजे ख्रिस्ती झालेल्या मुस्लिम समाजातला माणूस, त्याला तिथेच भेटतो. तो वही उघडून वाचू लागतो आणि हसत सुटतो. ही किहोतेचीच कथा असते, सिदे हामेते बेनेंगेली नावाच्या अरब इतिहासकाराने लिहिलेली. निवेदक त्या मोरिस्कोला घरी ठेवून घेतो आणि मोबदला म्हणून मनुका व गहू देतो. दीड महिन्यात अनुवाद हातावेगळा होतो. तिथून पुढची कादंबरी हा अनुवाद आहे, असे मानूनच वाचायचे असते. अनुवादक मधूनमधून शंका काढतो. एखादे प्रकरण बनावट वाटते असेही तो नोंदवतो.

हे सगळे अर्थात सर्व्हांटिसने रचलेले आहे. पण त्यातून त्याने वाचकाला एक सवय लावली: हे कोण सांगते आहे, त्याला हे कुठून मिळाले आणि मध्ये कोणाचा हात फिरला, हे विचारत वाचायचे. दुसऱ्या भागात, म्हणजे 1615 मध्ये, किहोते बार्सिलोनातल्या एका छापखान्यात जातो. तिथे इटालियनवरून केलेला एक अनुवाद छापला जात असतो. त्यावर बोलताना अनुवाद वाचणे म्हणजे फ्लँडर्सचा चित्रे विणलेला पडदा उलट्या बाजूने पाहणे, अशा आशयाचे मत तो मांडतो: आकृत्या दिसतात, पण सुटलेले धागे मध्ये येतात. हे मत पुढे अनुवादाविषयीच्या लेखनात वारंवार उद्धृत होत आले. गंमत पाहण्यासारखी आहे ती ही की ज्या कादंबरीत हे म्हटले आहे ती स्वतःला अनुवाद म्हणवते, आणि जगाने ती अनुवादातूनच डोक्यावर घेतली. थॉमस शेल्टनचा इंग्रजी अनुवाद 1612 मध्ये, दुसरा भाग प्रसिद्ध होण्यापूर्वीच आला. नंतर स्मॉलेट, ऑर्म्सबी, पटनम, कोहेन, रदरफर्ड आणि 2003 मध्ये ईडिथ ग्रॉसमन अशी मोठी रांग लागली. प्रत्येक पिढीला आपला किहोते लागतो; जुन्या अनुवादाची भाषा जुनी होते, मूळची होत नाही असे नाही, पण मूळ बदलण्याचा अधिकार कोणाला नसतो.

या कादंबरीचा भारतातला प्रवासही लक्षणीय आहे. 1930च्या दशकात काश्मीरमधल्या पंडित नित्यानंद शास्त्री आणि पंडित जगद्धर झाडू यांनी तिची आठ प्रकरणे संस्कृतमध्ये आणली. अमेरिकेतले पुस्तकसंग्राहक कार्ल टिल्डन केलर यांना किहोतेचे जगभरातले अनुवाद जमवायचे होते आणि संशोधक ऑरेल स्टाइन यांच्या ओळखीतून हे काम पंडितांकडे आले. त्यांना स्पॅनिश येत नव्हते; त्यांनी चार्ल्स जार्व्हिसचा अठराव्या शतकातला इंग्रजी अनुवाद समोर ठेवला. हस्तलिखित हार्वर्ड विद्यापीठात पडून राहिले आणि 2019 मध्ये ते संपादित होऊन छापले गेले. दुय्यम अनुवाद म्हणून त्याकडे नाक मुरडणे सोपे आहे. पण 'मूळ स्पॅनिशशी किती जुळते' एवढाच प्रश्न विचारला तर त्या पंडितांनी शिलेदारी कथांच्या विडंबनाला संस्कृत गद्याचा कोणता घाट दिला, हा खरा रसाचा प्रश्न हातचा निसटतो.

उलट दिशेची वाहतूकही अशीच झाली. सेनोबिया काम्प्रुबी हिने रवींद्रनाथांचा 'द क्रेसेंट मून' 1915 मध्ये स्पॅनिशमध्ये आणला आणि पुढे आणखी बरीच पुस्तके. ती इंग्रजीवरून अनुवाद करी आणि तिचा नवरा, कवी हुआन रामोन हिमेनेस, त्यावर कवीचा हात फिरवी. बंगालीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये आलेले हे टागोर स्पॅनिश जगात घरोघरी वाचले गेले. पाब्लो नेरुदाच्या 1924च्या प्रेमकवितांच्या संग्रहातली सोळावी कविता ही टागोरांच्या 'द गार्डनर'मधल्या एका कवितेवर आधारलेली आहे. 1930च्या दशकात चिलीतल्या टीकाकारांनी ते उघड करून वाङ्मयचौर्याचा आरोप केला आणि नंतरच्या आवृत्तीत कवितेला तशी नोंद जोडली गेली. वाचकाने दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचली, म्हणूनच हे उजेडात आले.

विसाव्या शतकाच्या सहाव्या दशकानंतर लॅटिन अमेरिकेची कादंबरी जगभर पसरली. त्या लाटेला 'बूम' म्हणतात. कार्लोस फुएन्तेसची 'ला मुएर्ते दे आर्तेमिओ क्रूस' 1962 मध्ये आली, मारिओ व्हार्गास योसाची 'ला सिउदाद इ लोस पेर्रोस' आणि हुलिओ कोर्तासारची 'रायुएला' 1963 मध्ये, म्हणजे भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' आली त्याच वर्षी. 1967 मध्ये ब्युनोस आयरेसच्या सुदामेरिकाना प्रकाशनाने गाब्रिएल गार्सिया मार्केसची 'सिएन आन्योस दे सोलेदाद' काढली, जी इंग्रजीमुळे 'वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड' या नावाने इथे परिचित आहे. या लाटेमागे लेखकांची प्रतिभा होतीच, पण बार्सिलोनातली साहित्य-प्रतिनिधी कार्मेन बाल्सेल्स होती, आणि अनुवादक होते.

त्यांतला अग्रणी ग्रेगरी रबासा. 'रायुएला'त 155 प्रकरणे आहेत आणि ती वाचण्याचे दोन मार्ग लेखकानेच आरंभी दिले आहेत: पहिल्या प्रकरणापासून छप्पन्नाव्यापर्यंत सरळ वाचून थांबायचे, किंवा त्र्याहत्तराव्यापासून सुरुवात करून दिलेल्या क्रमाने उड्या मारत जायचे. असे पुस्तक रबासाने इंग्रजीत आणले आणि 1967 मध्ये अमेरिकेत अनुवादासाठी नव्याने सुरू झालेला नॅशनल बुक अवॉर्ड त्याला मिळाला. रबासा हाती असलेल्या कामांत गुंतलेला होता, तेव्हा कोर्तासारने गार्सिया मार्केसला त्याच्यासाठी थांबण्याचा सल्ला दिला. गार्सिया मार्केस थांबला. 'सिएन आन्योस दे सोलेदाद'चा इंग्रजी अनुवाद 1970 मध्ये आला आणि आपल्याला तो मूळापेक्षाही आवडतो असे लेखकाने म्हटल्याचे सर्वश्रुत आहे. रबासाची एक पद्धत अनुवादाच्या वर्गात आजही चर्चेत असते. पुस्तक आधी पूर्ण न वाचता तो पहिल्या वाचनातच अनुवाद करत जाई. पुढे काय होणार याचे कुतूहल वाक्यात उतरते, अशी त्याची धारणा होती. ही पद्धत सगळ्यांना मानवणारी नाही, पण त्याच्या इंग्रजी वाक्यांत जो पुढे ओढणारा वेग आहे त्याचा उगम तिच्यात शोधता येतो.

बूमचे यश पुढच्या लेखकांना जाचक ठरले. आलेहो कार्पेन्तिएरने 1949 मध्ये 'एल रेइनो दे एस्ते मुन्दो'च्या प्रस्तावनेत अमेरिकेतल्या 'अद्भुत वास्तवा'ची कल्पना मांडली होती, ती कॅरिबियन इतिहासाशी घट्ट जोडलेली होती. परदेशी परीक्षणांतून तिचे आणि 'जादुई वास्तववादा'चे लेबल झाले आणि ते मेक्सिकोपासून चिलीपर्यंत सरसकट चिकटू लागले. उडणाऱ्या बायका आणि पिवळी फुलपाखरे नसतील तर कथा 'पुरेशी लॅटिन अमेरिकन' नाही, असे ऐकण्याची पाळी तरुण लेखकांवर आली. त्याला उत्तर म्हणून आल्बेर्तो फुगेत आणि सेर्हिओ गोमेस या चिलीच्या लेखकांनी 1996 मध्ये गार्सिया मार्केसच्या काल्पनिक 'माकोन्दो' गावावर टोला मारणारा 'मॅकओन्डो' हा कथासंग्रह संपादित केला. त्यातली माणसे शहरांत राहतात, टीव्ही पाहतात, खरेदीला मॉलमध्ये जातात. रोबेर्तो बोलान्योची 'लोस देतेक्तिवेस साल्वाहेस' 1998 मध्ये आली आणि पुढच्याच वर्षी तिला रोमुलो गाय्येगोस पुरस्कार मिळाला. इंग्रजीत ती 2007 मध्ये, नताशा विमर हिच्या हातून आली. तोवर बोलान्योला जाऊन चार वर्षे झाली होती. अनुवादातून होणारी ओळख नेहमीच उशिरा आणि निवडक असते. एका भाषेच्या वाङ्मयाचा इतिहास दुसऱ्या भाषेच्या प्रकाशकांच्या वेळापत्रकाने वाचला जातो. म्हणून एखाद्या चिलीच्या किंवा पेरूच्या कादंबरीत 'गार्सिया मार्केसचा वारसा' पाहण्यापूर्वी तो लेखक कोणाला वाचून वाढला, हे तपासण्याची जबाबदारी परीक्षण लिहिणाऱ्याची आहे.

आता एका पुस्तकाकडे जवळून पाहावे. हुआन रुल्फोची 'पेद्रो पारामो' 1955 मध्ये आली. जेमतेम सव्वाशे पानांची ही कादंबरी. त्याआधीचा एक कथासंग्रह आणि ही कादंबरी यांवर रुल्फोचे नाव उभे आहे. मरणाऱ्या आईला दिलेल्या शब्दाखातर हुआन प्रेसियादो कोमाला गावात बापाला शोधायला निघतो. वाटेत भेटलेला खेचरवाला सांगतो की तोही पेद्रो पारामोचाच मुलगा. गाव ओस पडलेले, पण कुजबुज चालू. पुस्तकात प्रकरणांचे आकडे नाहीत, फक्त तुकडे आहेत. एका तुकड्यात मुलगा बोलतो, दुसऱ्यात पेद्रोचे लहानपण येते, तिसऱ्यात कोण बोलते ते चार ओळी गेल्यावर कळते, कधी कळतच नाही. वाचकाला हळूहळू उमगते की गावातले सगळे मेलेले आहेत, आणि पुस्तकाच्या मध्यावर निवेदकाविषयीही तेच उमगते. गार्सिया मार्केस 1961 मध्ये मेक्सिकोत आला तेव्हा मित्र आल्वारो मुतिसने हे पुस्तक त्याच्या हाती दिले आणि त्याने ते जवळजवळ पाठ केले.

इंग्रजीत हे पुस्तक तीनदा अनुवादित झाले: 1959 मध्ये लायसँडर केम्प, 1990च्या दशकात मार्गारेट सेयर्स पेडन आणि 2023 मध्ये डग्लस वेदरफर्ड. त्यांच्यातला फरक पाहायला स्पॅनिश यावेच लागते असे नाही. कोण बोलते हे मूळात धूसर आहे, आणि ते धूसर राहण्यावरच पुस्तक उभे आहे. अनुवादक वाचकावर दया करून 'ती म्हणाली', 'तो म्हणाला' अशी जोड देऊ लागला की कोमालातली भुते साधी माणसे होतात. दुसरी जागा भाषेची. रुल्फोची माणसे हालिस्को प्रांतातल्या खेडुतांसारखी बोलतात, पण ती बोली ध्वनिमुद्रित केलेली नाही; फार तासून, शब्द काढून काढून घडवलेली आहे. अनुवादात ती सुशिक्षितांची इंग्रजी झाली तर एक नुकसान, आणि अमेरिकेतल्या एखाद्या विशिष्ट भागाची ग्रामीण इंग्रजी झाली तर दुसरे. मराठीत आणणाऱ्यासमोर हाच पेच उभा राहील: माणदेशी बोली वापरली तर मेक्सिको पुसला जातो, पुस्तकी मराठी वापरली तर खेडे पुसले जाते. या पेचावर अनुवादकाने कोणता तोडगा काढला, हे परीक्षणात यायला हवे.

संबोधनाचा प्रश्न याहून बारीक आहे. स्पॅनिशमध्ये जवळच्या माणसाला मराठीसारखेच 'तू' म्हणतात आणि परक्याला किंवा वडीलधाऱ्याला 'उस्तेद'. अर्जेंटिनात 'तू'च्या जागी 'वोस' येते. कोलंबियाच्या काही भागांत नवराबायकोही एकमेकांशी 'उस्तेद'ने बोलतात. इंग्रजीत हा सारा भेद एका सर्वनामात विरघळतो. मग इंग्रजीवरून मराठीत आणणाऱ्याला प्रत्येक संवादात नात्याचा निर्णय नव्याने घ्यावा लागतो आणि तो अंदाजाने घेतला जातो. मालक-नोकर, सासू-सून, प्रियकर-प्रेयसी यांच्यातले अंतर त्या अंदाजावर ठरते.

लिंगाचीही तीच कथा. फुएन्तेसची 'आउरा' ही 1962 सालची लघुकादंबरी अथपासून इतिपर्यंत द्वितीय पुरुषात आहे. फेलिपे मोन्तेरो नावाचा तरुण वर्तमानपत्रात नोकरीची जाहिरात वाचतो, पण त्याच्याविषयी 'तो' असे न म्हणता निवेदन वाचकालाच उद्देशून चालते. स्पॅनिश क्रियापद 'वाचणारा पुरुष की स्त्री' हे सांगत नाही. थोडे पुढे गेल्यावर विशेषणावरून ते कळते. पहिल्या एक-दोन वाक्यांपुरता तरी कोणीही वाचक त्या खुर्चीत बसू शकतो. मराठीत मात्र पहिल्याच क्रियापदाला 'वाचतोस' की 'वाचतेस' हे ठरवावे लागते. हा अनुवादकाचा दोष नव्हे, भाषेची अट आहे. पण परीक्षणात दोन वाक्ये खर्च करण्याइतकी ती महत्त्वाची आहे.

लांब वाक्य हा तिसरा कसोटीचा दगड. गार्सिया मार्केसच्या 1975च्या 'एल ओतोन्यो देल पात्रिआर्का'मध्ये परिच्छेद जवळजवळ नाहीत आणि शेवटचे प्रकरण एकाच वाक्यात आहे. हुकूमशहाच्या राजवटीला जसा शेवट दिसत नाही तसा वाक्यालाही दिसत नाही. फेर्नान्दा मेल्चोरची 2017ची 'तेम्पोरादा दे उराकानेस' मेक्सिकोतल्या वेराक्रूस प्रांतातल्या ऊसवाल्या गावात घडते. कालव्यात चेटकिणीचे प्रेत पोरांना सापडते आणि मग एकेका माणसाच्या डोक्यातून तो खून पुन्हा पाहिला जातो. प्रकरणे सलग, मध्ये परिच्छेद नाही आणि शिव्यांचा ओघ अखंड. सोफी ह्यूज हिने इंग्रजीत वाक्ये तोडली नाहीत, शिव्या सौम्य केल्या नाहीत. त्यामुळे वाचताना दम लागतो तो लेखिकेला हवा तसाच लागतो. अशा पुस्तकांच्या परीक्षणात 'अनुवाद ओघवता आहे' हे वाक्य स्तुती म्हणून येते तेव्हा ते पुस्तकाच्या विरुद्ध साक्ष देते. ओघवतेपणा हा अनुवादाचा सार्वत्रिक गुण नाही. मूळ लेखन खडबडीत असेल तर अनुवादही खडबडीत हवा. अमेरिकन अभ्यासक लॉरेन्स व्हेनुटी यांनी 1995च्या आपल्या पुस्तकात हीच तक्रार मांडली: परीक्षणे सफाईची स्तुती करतात आणि त्या सफाईत अनुवादक दिसेनासा होतो. त्याआधी 1937 मध्ये स्पॅनिश विचारवंत होसे ओर्तेगा इ गासेत यांनी अनुवादाच्या दैन्यावर आणि वैभवावर लिहिताना, अनुवादाने वाचकाला आपल्या भाषेच्या सवयींतून बाहेर काढावे असा आग्रह धरला होता.

परीक्षण कसे लिहावे याचा एक असाधारण नमुना अर्जेंटिनाच्या बोर्खेसने घालून दिला, आणि त्याचा संबंध मुंबईशी आहे. 1936 मध्ये त्याने एका कादंबरीचे परीक्षण छापले. लेखक मुंबईचा वकील मीर बहादूर अली. कादंबरी 1932 मध्ये मुंबईत प्रसिद्ध झालेली. नायक मुंबईतला कायद्याचा विद्यार्थी, जो मोहरमच्या रात्री दंग्यात सापडतो आणि मग एका अज्ञात पुण्यपुरुषाच्या शोधात देशभर हिंडतो. परीक्षणात पहिल्या आणि 1934च्या आवृत्तीतला फरक आहे, पूर्वसूरींशी तुलना आहे, रचनेतले दोष दाखवलेले आहेत. पहिली आवृत्ती आपल्याला मिळाली नाही हे परीक्षणकाराने मान्य केले आहे. अशी कादंबरी अस्तित्वातच नव्हती. बोर्खेसने प्रकाशक आणि प्रस्तावनाकार मात्र खऱ्या माणसांची नावे घालून रचले होते, आणि एका मित्राने लंडनहून पुस्तक मागवलेही. पुढे हा मजकूर कथा म्हणून त्याच्या कथासंग्रहात गेला. बोर्खेस त्याच काळात 'एल ओगार' या घरगुती साप्ताहिकात खऱ्या पुस्तकांची परीक्षणेही लिहीत होता; काल्पनिक परीक्षणातही तीच शिस्त दिसते. कोणती आवृत्ती वाचली, कोणती वाचली नाही, तुलना कशाशी केली, हे सांगणाऱ्या परीक्षणावर वाचक विश्वास ठेवतो. अनुवादाविषयी बोर्खेसची भूमिका उदार होती. अरबी रात्रींच्या अनुवादकांवरच्या निबंधात त्याने प्रत्येकाच्या स्वभावाप्रमाणे तो ग्रंथ कसा बदलला हे आस्थेने दाखवले आणि मूळाला आपोआप श्रेष्ठ मानायला नकार दिला.

अनुवादकाला मान मिळण्याची व्यवस्था गेल्या काही वर्षांत बदलली आहे. आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्कार 2016 पासून एकेका अनुवादित पुस्तकाला दिला जातो आणि त्याचे 50,000 पौंड लेखक व अनुवादक यांच्यात समान वाटले जातात. 2022 मध्ये गीतांजली श्री आणि डेझी रॉकवेल यांना हिंदी कादंबरीसाठी तो मिळाला. त्या वर्षीच्या लघुयादीत अर्जेंटिनाच्या क्लाउदिया पिन्येइरोची कादंबरीही होती. सामान्ता श्वेब्लिन, मारिआना एन्रिकेस, ग्वादालूपे नेत्तेल, सेल्वा आल्मादा या लेखिका याच लघुयाद्यांतून इंग्रजी वाचकांपर्यंत पोचल्या. बूमच्या छायाचित्रांत बहुतेक पुरुषच दिसतात. आजचे स्पॅनिश कथासाहित्य अनुवादातून वाचू पाहणाऱ्याने या बायकांपासून सुरुवात केली तर काही बिघडत नाही, उलट चित्र लवकर पुरे होते. अनुवादकाचे नाव मुखपृष्ठावर छापावे यासाठी 2021 मध्ये अनुवादक जेनिफर क्रॉफ्ट आणि कादंबरीकार मार्क हॅडन यांनी मोहीम उघडली आणि काही प्रकाशकांनी ते मान्य केले.

मराठीत स्पॅनिश साहित्य येण्याच्या वाटा वेगवेगळ्या आहेत. रंगभूमीने रूपांतराची वाट धरली: स्पॅनिश नाटककार लोर्काच्या 'येर्मा'वरून 'चांगुणा' झाले. हिंदीत गोविंद निहलानींनी लोर्काच्याच 'बेर्नार्दा आल्बाचे घर' या नाटकाला 'रुक्मावती की हवेली' या चित्रपटात राजस्थानात नेले. ज्या समाजात बाईच्या वांझपणावर आणि कुलशीलावर गाव बोलते, तिथे स्पेनच्या आंदालुसियाचे नाटक परके वाटत नाही, आणि रूपांतराला त्या जवळिकीचा पुरेपूर फायदा मिळतो. कथा-कवितेच्या बाबतीत इंग्रजीची मध्यस्थी रूढ असली तरी थेट अनुवादाचाही प्रयत्न आहे. पुण्याचे 'केल्याने भाषांतर' हे त्रैमासिक परकीय भाषांतून सरळ मराठीत आणलेल्या साहित्यासाठी ओळखले जाते.

मराठी अनुवादाचे परीक्षण लिहिताना काही गोष्टी हाताशी ठेवाव्या लागतात. अनुवाद कोणत्या भाषेवरून केला हे पुस्तकात छापले आहे का, आणि इंग्रजीवरून असेल तर कोणत्या इंग्रजी अनुवादकावरून? छापले नसेल तर तसे लिहावे. नावांचे उच्चार मध्यस्थीची खूण सांगतात: हुआनचा 'जुआन' आणि होसेचा 'जोस' झाला असेल तर इंग्रजी अक्षरांवरून नाव उचललेले आहे. सर्व्हांटिस किंवा मेक्सिकोसारखी रूढ झालेली रूपे मात्र तशीच राहू द्यावीत. आडनावांचेही भान हवे. 'गार्सिया मार्केस' हे बापाचे आणि आईचे मिळून जोडआडनाव आहे, ग्रंथालयात ते 'ग'मध्ये सापडते. केवळ 'मार्केस' ही इंग्रजी वर्तमानपत्रांची सवय. संवादांतले तू-तुम्ही एका प्रकरणात एक आणि पुढच्यात दुसरे असे हिंदकळते का, तळटीपा कथेला थांबवतात की सोबत करतात, खाण्याच्या पदार्थांना पुरणपोळी-भाकरीचे कपडे चढवलेत का, मूळ पुस्तकातला काही भाग गाळला आहे का, हे पाहावे. एखादे वाक्य अडखळले तर इंग्रजी अनुवाद उघडून ते तिथेही अडखळते का ते ताडून घ्यावे. दोन इंग्रजी अनुवाद मिळत असतील तर दोन्ही पाहावेत, कारण दोघांनाही जिथे अडले ती बहुधा मूळातलीच अवघड जागा असते. आणि चांगल्या जागा दाखवताना एखादा परिच्छेद मराठीतलाच द्यावा, तो अनुवादकाच्या नावानिशी.